संक्रमण आणि उबूर

कोरोनाने आपल्या एका चांगल्या शब्दाची वाट लावली. तो शब्द म्हणजे संक्रमण. मराठीत रोग पसरला की साथ आली म्हणायचे, संसर्ग झाला म्हणायचे, घरात कुणाला लागण झाली म्हणायचे. हिंदी बातम्या ऐकून ऐकून दोन वर्षांत संक्रमण म्हणजे आजार हे पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं. माझी भाची दहावीत होती तेव्हा आवर्तसारणीच्या मधल्या भागावर बोट ठेवून तिने मला विचारलं होतं, "खाला, संक्रमण मूलद्रव्यं म्हणजे यांना काय झालंय?"

मी हसले आणि तिला मकरसंक्रांत सांगितली. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ते संक्रमण. त्यावर तिचा पुढचा प्रश्न सरळ होता: मग ही मूलद्रव्यं कुठून कुठे जातात? परीक्षेपुरतं उत्तर असं की ती सारणीच्या मधोमध आहेत, डी-खंडात, डावीकडचे आणि उजवीकडचे गट जोडणारी. दहावीला तेवढं पुरलं. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि पुढच्याच वर्षी तो तिच्या मानेवर बसला.

भाची नेऱ्यात राहते. पनवेल सोडून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की हे गाव लागतं. बाहेरच्या लोकांना नेरे माहीत असतं ते शांतिवनामुळे, कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेमुळे. अलीकडे नव्या इमारतींच्या जाहिरातींमुळेही. माझ्या आपाचं घर त्या दोन्हींपासून थोडं आत आहे, ओटी असलेलं, कौलारू. दूल्हाभाई टेम्पो चालवतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल उचलायचा आणि तळोजा, खोपोली, भिवंडी जिथे सांगतील तिथे टाकायचा. घरात विज्ञान शाखेला गेलेली ही पहिलीच पोर.

आपल्याकडे दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकता येतं, उर्दूतही शिकता येतं. अकरावी विज्ञानाचं पुस्तक हातात पडतं ते इंग्रजीत. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना हा धक्का थोडा कमी बसतो. बाकीच्यांचा अणू एका सुट्टीत ॲटम होतो, मूलद्रव्य एलिमेंट होतं, संयुजा व्हॅलन्सी होते. माझ्या शाळेतल्या उर्दू माध्यमाच्या मुलींचा जौहर ॲटम होतो आणि सालमा मॉलिक्यूल. मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी, त्यामुळे शब्द बदलला की आधी मलाच दुखतं. पण मुलांचं दुखणं वेगळं आहे. शब्द बदलतो ते एक वेळ चालेल, तो नेमका धडा अवघड होतो त्याच महिन्यात बदलतो. इलेक्ट्रॉन संरूपण आठवी-नववीत सोपं असतं: २, ८, ८, १ असे आकडे मांडायचे की झालं. अकरावीत त्याच आकड्यांच्या जागी एस, पी, डी, एफ येतात, कक्षिका येतात, बाण वर आणि बाण खाली येतात, आणि हे सगळं परक्या भाषेत.

पहिल्या चाचणीत तिला रसायनशास्त्रात २५ पैकी ६ मिळाले. तिने मार्क सांगितले नाहीत. आपाने फोन केला तेव्हा कळलं की पोरीने कॉमर्सला बदलून मिळतं का, शेवटची तारीख कधी, याची चौकशीही करून ठेवली आहे. नातेवाइकांत दोन-तीन जणांनी आधीच सांगितलं होतं की मुलीच्या जातीला सायन्स झेपत नाही, आणि आता त्यांना आकडा मिळाला होता.

मी रविवारी गेले. तिची वही बघितली. क्रोमियमसमोर तिने लिहिलं होतं: ३डी मध्ये ४, ४एस मध्ये २. लाल पेनाने काट मारून वर ५ आणि १ केलेलं, आणि बाजूला एकच इंग्रजी शब्द, एक्सेप्शन. तांब्यासमोर तिचे ९ आणि २, लाल पेनाचे १० आणि १, आणि पुन्हा तोच शब्द. वर्गात सांगितलं होतं, हे दोन अपवाद आहेत, पाठ करा, सीईटीला हमखास येतात. शिकवणाऱ्यांना मी बोल लावणार नाही. समोर शंभर-सव्वाशे मुलं, डोक्यावर सीईटी, आणि तासाला घंटा. पण पोर मला म्हणाली ते ऐका: "खाला, नियम मी बरोबर लावला होता. चूक क्रोमियमची आहे, मार्क माझे गेले."

हे वाक्य मला फार आवडलं. कारण व्याकरणाच्या तासाला मी हेच रोज ऐकते. उर्दू माध्यमाची मुलगी मराठी शिकताना नियम लावून 'मी काम करलं' लिहिते. नियम बरोबर असतो. बसणेचं बसला, धावणेचं धावला, तर करणेचं करला का नाही? जाणेचं गेला, येणेचं आला, होणेचं झाला. मराठीत जन्मलेल्या माणसाला हे अपवाद वाटतच नाहीत, त्याला ते आधी येतात आणि नियम पुस्तकात नंतर भेटतो. भाषा आधी होती, नियम आपण नंतर बसवला, आणि जिथे बसला नाही तिथे भाषेच्या कपाळावर अपवादाचा शिक्का मारला. क्रोमियमचंही असंच काही असावं, असं मला वाटलं. मी बारावीपर्यंत विज्ञान शिकले आणि मग बीए, बीएडकडे वळले, त्यामुळे अगदीच अडाणी नव्हते. तिचं इंग्रजी पुस्तक घेतलं, आणखी दोन-तीन पुस्तकं मिळवली, आणि पुढचे पाच-सहा रविवार आम्ही दोघी त्याच्या मागे लागलो.

सुरुवात मी तिच्या ओळखीच्या आकड्यांपासून केली. एस, पी, डी बाजूला ठेवले. ती अक्षरं तशीही काही सांगत नाहीत. वर्णपटातल्या रेषांना जुन्या शास्त्रज्ञांनी दिलेल्या इंग्रजी विशेषणांची ती आद्याक्षरं आहेत: तीक्ष्ण, मुख्य, विसरित, मूलभूत. डी म्हणजे डिफ्यूज, विसरित, धूसर पसरलेली रेषा. हे कळल्यावर तिची निम्मी भीती गेली. डी म्हणजे काहीतरी गूढ असणार असं तिला वाटत होतं.

मग एकाखाली एक लिहिलं. पोटॅशियम २, ८, ८, १. कॅल्शियम २, ८, ८, २. इथपर्यंत दहावी. पुढे स्कँडियम २, ८, ९, २. टायटॅनियम २, ८, १०, २. व्हॅनेडियम २, ८, ११, २. क्रोमियम २, ८, १३, १. मँगनीज २, ८, १३, २. लोह २, ८, १४, २. कोबाल्ट २, ८, १५, २. निकेल २, ८, १६, २. तांबं २, ८, १८, १. जस्त २, ८, १८, २.

"आता फक्त तिसरा आकडा वरून खाली वाच," मी म्हटलं.

तिने वाचलं. आठ, आठ, नऊ, दहा, अकरा, तेरा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, अठरा, अठरा. थांबली आणि म्हणाली, "बारा आणि सतरा गायब आहेत."

हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिला दिसलं. आणि तिथेच संक्रमणाचं उत्तरही होतं. १९२१ मध्ये चार्ल्स बरी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने या मूलद्रव्यांबद्दल लिहिताना संक्रमण श्रेणी असा शब्द वापरला. त्याच्या मनात संक्रमण होतं ते आतल्या कवचाचं. बाहेर एक-दोन इलेक्ट्रॉन तसेच बसून असतात, आणि त्यांच्या आतलं कवच आठावरून अठरावर जात असतं. दहा घरं ओलांडायची असतात. सूर्याला रास ओलांडायला महिना लागतो, या कवचाला दहा मूलद्रव्यं लागतात. म्हणजे पोरीने दहावीत विचारलेला प्रश्न, कुठून कुठे जातात, हाच त्या नावाचा अर्थ होता. सारणीत मध्ये बसली आहेत म्हणून संक्रमण, हे उत्तर ऐकायला ठीक आहे, पण त्यातून काही पुढे उलगडत नाही. आठावरून अठरावर, यातून सगळं उलगडतं.

उर्दूत यांना उबूरी अनासिर म्हणतात. अनासिर हे उंसुरचं अनेकवचन, उंसुर म्हणजे मूलद्रव्य. उबूर म्हणजे ओलांडणं, दर्या उबूर करणं. हंगामी सरकारलाही उबूरी हुकूमत म्हणतात. आणि एखाद्या माणसाची एखाद्या विद्येवर पकड असली की म्हणतात, त्याला फारसीवर उबूर आहे, हिसाबावर उबूर आहे. पार जाणं आणि विद्या येणं यांना उर्दूत एकच शब्द. भाचीला उर्दू घरातलं येतं, पुस्तकातलं कमी. तिने तो शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, देवनागरीत.

आता खरा अवघड भाग. तिसऱ्या कवचात अठरांची जागा असताना पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात का बसतो? आणि चौथ्यात आधी बसला तर धातू आयन होताना आधी चौथ्यातलेच का निघून जातात? वर्गात बाणांचा तिरका तक्ता दिला होता, १एस, २एस, २पी असा वरून तिरपा उतरणारा. त्या तक्त्यात आधी ४एस मग ३डी. त्या हिशोबाने जाताना आधी ३डी गेले पाहिजेत. जातात मात्र ४एसचे. इथेही पोरीचं म्हणणं रास्त होतं: येताना आधी आलेला जाताना आधी का?

मी तिला त्यांच्याच घराचं उदाहरण दिलं. ४एस ही ओटी धर, ३डी हे माजघर. पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या केंद्रकात अनुक्रमे १९ आणि २० प्रोटॉन असतात. तेवढ्या ओढीने माजघर अजून उघडलेलंच नसतं, त्याची पातळी वर असते, ओटीची खाली. म्हणून आलेले दोघं ओटीवर बसतात. २१व्या प्रोटॉनला, स्कँडियमला, माजघराची पातळी एकदम खाली येते. आता ते ओटीपेक्षाही खाली आहे. याचा पुरावा असा की स्कँडियमच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले की बाहेरच्या तिघांतला जो एक उरतो, तो ३डी मध्ये सापडतो. ओटी खालच्या पातळीवर असती तर तो ओटीवर सापडायला हवा होता.

"मग तिघेही माजघरातच का नाही बसत?"

कारण माजघर अरुंद आहे. ३डी कक्षिका केंद्रकाच्या जवळ, आटोपशीर असतात. तिथे एकत्र आलेले ऋण प्रभार एकमेकांना जोरात ढकलतात. ओटी ऐसपैस आहे, दूर पसरलेली. म्हणून पूर्ण अणूचा हिशोब केला तर दोघं ओटीवर आणि एक आत, यात एकूण त्रास सगळ्यांत कमी होतो. आणि बाहेरून कुणी न्यायला आलं, ऑक्सिजन म्हणा, क्लोरिन म्हणा, तर ओटीवरचे आधी उठतात. त्यात नवल काय? दारात बसलेला माणूसच आधी उठतो. तिरका तक्ता एक गोष्ट सांगतो, सारणीत पुढे सरकताना कुठली कक्षिका कधी भरायला लागते ते. एका अणूतून इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने निघतील हे सांगायचं त्याचं कामच नाही. दोन वेगळे प्रश्न एकाच तक्त्याला विचारले की तक्ता खोटा वाटतो.

एक इशारा मी तिला दिला आणि वाचणाऱ्यांनाही देते. इलेक्ट्रॉन माणसांसारखे बसत-उठत नाहीत, कुणाला ओळखताही येत नाही की हा आधी आलेला आणि हा नंतरचा. उदाहरण तेवढ्यापुरतं. परीक्षेत ओटी लिहिलीस तर मार्क जातील, हेही सांगितलं.

मग क्रोमियम. माजघरात पाच खोल्या आहेत, प्रत्येक खोलीत दोघांची जागा. एकेका खोलीत एकेकटं राहता येत असेल तर इलेक्ट्रॉन तसेच राहतात, जोडी करायला त्यांना किंमत मोजावी लागते. क्रोमियमला आठाच्या वरचे आणि बाहेरचे मिळून सहा आहेत. चार आत, दोन ओटीवर ठेवले तर ओटीवर जोडी होते आणि आत एक खोली रिकामी. एक जण आत गेला की सहाच्या सहा एकटे. म्हणून बारा गायब. पुढे मँगनीजचा सातवा येतो तो ओटीवरची रिकामी जागा घेतो, म्हणून तेरा दोनदा. तांब्यापर्यंत केंद्रकात २९ प्रोटॉन झालेले असतात, माजघर चांगलंच खोल गेलेलं असतं, एक जण आत ओढला जातो आणि दहा पूर्ण होतात. म्हणून सतरा गायब, अठरा दोनदा. पुस्तकं याला अर्धभरलेल्या आणि पूर्ण भरलेल्या उपकवचाचं स्थैर्य म्हणतात. सोयीचं आहे, पण त्याने सगळं सुटतं असं समजू नये. क्रोमियमच्याच गटात खाली मॉलिब्डेनम आहे, तो क्रोमियमसारखाच ५ आणि १. त्याच्या खाली टंगस्टन, बल्बच्या तारेतला. अर्धं भरलेलं इतकं स्थिर असेल तर टंगस्टनने तसं करायला हवं. तो मात्र ४ आणि २ ठेवतो. इतक्या जड अणूत आतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरतात, त्या वेगाचा परिणाम म्हणून ६एस आत ओढली जाते आणि तिथली जोडी टिकून राहते.

आणि खालच्या ओळीत तर मजाच आहे. यिट्रियमपासून कॅडमियमपर्यंत दहा धातू. त्यातले नियोबियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम आणि चांदी असे सहा तिरक्या तक्त्याला जुमानत नाहीत. पॅलेडियमने तर ओटी पूर्ण रिकामी केली आहे, दहाच्या दहा आत. नियोबियमचे आत चार, बाहेर एक: ना अर्धे भरलेले ना पूर्ण. दहात सहा अपवाद असतील तर त्याला अपवाद कोण म्हणेल? आमच्या शाळेत दहापैकी सहा मुली उशिरा येऊ लागल्या तर आम्ही आधी घंटेची वेळ तपासू.

हे ऐकून तिचा राग क्रोमियमवरून तक्त्यावर गेला, आणि ते मला हवंच होतं. पण तिला खरा दिलासा मिळाला तो वेगळ्याच गोष्टीने. अपवाद आहेत ते एकट्या, वायुरूप, कुणाशीही न जोडलेल्या अणूंचे. आपल्या आसपास, खाण्यात, मातीत, औषधात हे धातू भेटतात ते बहुतेक आयन होऊन. या दहा धातूंच्या नेहमीच्या आयनांत एकही अपवाद नाही. आधी ओटी रिकामी, मग लागलं तर आतला. सगळ्यांना एकच न्याय. लोहाचे दोन गेले की २, ८, १४. तिसरा आतला गेला की २, ८, १३.

पहिलं लोह तिच्या दप्तरात सापडलं. शाळा-कॉलेजात मुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी देतात ना, निळी, तीच. पोरी ती घेतात आणि खिडकीतून टाकतात, पोटात मळमळतं म्हणून. निळा रंग वरच्या वेष्टनाचा, त्याचा डी-कक्षिकांशी संबंध नाही. आत असतं ते फेरस लोह, ओटी रिकामी केलेलं, २, ८, १४. आतड्यांना हेच सोपं पडतं. लिंबाबरोबर घेतलं तर ते तसंच टिकायला मदत होते, चहाबरोबर घेतलं तर शरीराला कमी मिळतं. दुसरं लोह समोरच्या डोंगरावर. धोदाणीवरून चढून माथेरानला गेलं की पाय लाल होतात, ती जांभ्याची लाल माती. तिथल्या लोहाचा तिसराही गेलेला आहे, २, ८, १३. गोळी आणि डोंगर यांच्यात फरक एका इलेक्ट्रॉनचा. त्या आठवड्यापासून तिने गोळी टाकली नाही, असं आपा सांगते. मी काही आरोग्यावर भाषण दिलं नव्हतं.

तांब्यासाठी मोरचूद आणला. कोकणात सुपारीवरच्या कोळे रोगाला बोर्डो मिश्रण मारतात, त्यातला हा मोरचूद, त्यामुळे मिळायला अडचण पडली नाही. तांब्याचे दोन गेले की २, ८, १७. म्हणजे माजघरात बरोबर एक जागा मोकळी, आणि गायब झालेला सतरा इथे सापडला! ती मोकळी जागा असल्यामुळेच आत हालचाल होऊ शकते. आतल्या कक्षिकांच्या पातळ्यांत भोवतालच्या पाण्यामुळे थोडा फरक पडतो, इलेक्ट्रॉन तांबूस प्रकाश शोषून खालच्या पातळीवरून वर जातो, आणि आपल्याला उरलेला निळा दिसतो. जस्ताचे दोन गेले की २, ८, १८. मोकळी जागा नाही, हालचाल नाही, रंगही नाही. जुलाब झाल्यावर लहान मुलांना देतात त्या औषधातलं जस्त बिनरंगी. म्हणूनच जस्त डी-खंडात बसूनही काटेकोर व्याख्येने संक्रमण धातू धरला जात नाही, त्याचं ओलांडणं संपलेलं असतं.

लोखंडी पळीत मोरचूद तापवला तर पांढरा पडतो, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा. आतले आकडे दोन्ही वेळा तेच, २, ८, १७. पाणी गेलं की पातळ्यांतलं अंतर बदलतं. हे बघून तिने लगेच विचारलं, मग विहिरीत टाकायचं लाल औषध? पोटॅशियम परमँगनेट. त्यातल्या मँगनीजचे सात गेलेले, २, ८, ८, म्हणजे माजघर रिकामंच. तरी एवढा गडद जांभळा कसा? हा प्रश्न ज्या पोरीला पडला तिला सायन्स झेपत नाही म्हणणाऱ्यांना मी काय सांगू? उत्तर शोधायला आम्हाला एक रविवार गेला. तिथे शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन प्रकाश घेऊन मँगनीजच्या रिकाम्या कक्षिकांत उडी मारतात, आणि असा रंग आतल्या आत होणाऱ्या हालचालीपेक्षा कितीतरी गडद असतो.

या सगळ्यात आम्ही बोलत होतो मराठीत, अधेमधे उर्दू, आणि तिच्याकडून लिहून घेत होते इंग्रजीत. मातृभाषेतून विज्ञान हा विषय निघाला की आमच्या लोकांना हैदराबादची आठवण येते. १९१७ मध्ये तिथे तर्जुम्याचं खातं निघालं, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथे विज्ञानही उर्दूतून शिकवलं गेलं. जौहर, सालमा, उंसुर यांच्याबरोबर असे किती शब्द तिथे घासूनपुसून घेतले गेले. त्या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक, आणि त्यांची बरीच वर्षं गेली औरंगाबादेत. हे अभिमानाने सांगावंसं आहेच. पण तेव्हा औरंगाबाद, परभणी, बीड निजामाच्या राज्यात होते, आणि तिथल्या मराठी घरातल्या पोराला ही उर्दू तेवढीच परकी होती जेवढी माझ्या भाचीला अकरावीची इंग्रजी. उर्दूवाल्यांनी हा हिशोब करताना दुसरी बाजूही धरावी. मला इंग्रजी पुस्तक नको आहे असं नाही. पुढे जायचं तर तिला ते लागणारच. मला एवढंच हवं आहे की अकरावीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत वर्गात पोराने मराठीत किंवा उर्दूत प्रश्न विचारला तर त्याला हसू नये आणि उत्तर त्याच भाषेत मिळावं. परिभाषा कोश आहेत, शब्द आहेत, पैसा लागत नाही.

तिने कॉमर्सची तारीख जाऊ दिली. दुसऱ्या चाचणीत २५ पैकी १५ आले. फार नाहीत, पण क्रोमियमचा मार्क त्यात होता.

क्रोमियमची गोष्ट सर्वांत जास्त पटली ती दूल्हाभाईंना. स्टीलवर गंज चढत नाही तो क्रोमियममुळे, त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा वर बसतो, हे लेकीने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे १८-८ मधला १८." आम्ही दोघी बघत राहिलो. शंभरात १८ क्रोमियम, ८ निकेल, बाकी बहुतेक लोह. बाजारात त्याला ३०४ म्हणतात, आणि दूल्हाभाई नववी शिकलेले असले तरी ३०४, २०२, ४३० त्यांना तोंडपाठ. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, ते स्वस्त. ४३० मध्ये निकेल नाही, क्रोमियम तेवढा. ४३० ला चुंबक चिकटतं, ३०४ ला नाही, माल असाच तपासतात. "पण २०२ लाही चिकटत नाही, म्हणून तर फसवतात," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लोखंड चिकटतं. निकेल?"

निकेलही चिकटतो, पुस्तकात आहे, भाची म्हणाली.

"मग लोखंडही चिकटतं, निकेलही चिकटतं, दोन्ही घातलेलं ३०४ का चिकटत नाही?"

तिने आधी आकडे मांडून बघितले, २, ८, १४, २ आणि २, ८, १६, २. त्यात उत्तर मिळेना. मी म्हटलं, एकटा अणू बघून हे कळायचं नाही, धातूत अणू एकमेकांवर कसे रचले आहेत ते बघावं लागेल, निकेलमुळे ती रचनाच बदलते. ते प्रकरण बारावीच्या पुस्तकात आहे. तिला बारावीपर्यंत थांबायचं नव्हतं. टेम्पोतलं चुंबक मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात शिरली. पातेल्याला चिकटलं नाही, पोळीच्या डब्याला चिकटलं नाही, सुरीला चिकटलं, आणि आपा आतून ओरडली की मांडणीवरची भांडी पाडशील.